बाराव्या पानापासून

इंदूताई तारळकरच्या कादंबरीवर बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांनी खुशाल बोलावं. मला त्यातलं काही कळत नाही. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात रेकॉर्ड रूमची रजिस्टरं सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली. पण ज्या बाईला आज लोक थोर कादंबरीकार म्हणतात, तिच्या शेजारी बसून मी वर्षानुवर्षं डबा खाल्लाय. त्यामुळे मी सुरुवात करणार ती तिच्या अर्ध्या ब्लेडपासून.

तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. इंजिनियर पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचा आणि ट्रेसर त्यावर पारदर्शक कागद ठेवून ते शाईने गिरवायचा. त्या कागदावरून मग पाहिजे तेवढे प्रिंट निघायचे. इंदूताई ट्रेसर होती. शाईची रेघ चुकली की खोडरबर कामाचं नाही. दाढीचं ब्लेड मधोमध मोडायचं, एका कडेला चिकटपट्टी गुंडाळायची आणि चुकलेली रेघ खरवडून काढायची, कागद फाटू न देता. मग ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, नाहीतर नवी शाई पसरते. बाकीचे ट्रेसर हे काम तोंड वाकडं करून करायचे. इंदूताई मात्र मेथी निवडायला बसल्यासारखी निवांत बसायची. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम काळं असायचं, लग्नाकार्यातसुद्धा.

आणि तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "वाळू दे." ओल्या शाईवर पट्टी ठेवली की सगळं फरफटतं, म्हणून ट्रेसर लोक एकमेकांना तसं सांगतच असत. पण ही बाई कशालाही तेच म्हणायची. कुणाचं प्रमोशन हुकलं, कुणाचं सुनेशी वाजलं, कुणी रागाने राजीनामा लिहायला बसलं, तर मान वर न करता म्हणायची, "आधी वाळू दे." मला त्याचा फार राग यायचा. मी नागपूरची. आमच्याकडे राग आला की लगेच बोलून मोकळं व्हायचं असतं.

तिच्यावर काय काय येऊन गेलं होतं, ते ती सांगत नसे. मला इतरांकडून कळलं. नवरा याच कारखान्यात फिटर होता. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेला. पदरात सहा वर्षांची मंजू, घरात सासू आणि कारखान्याचं क्वार्टर. माणूस गेला की क्वार्टर सोडावं लागतं. दीर अमरावतीहून न्यायला आले होते, सामान बांधून तयार होतं. इंदूताईने नवऱ्याच्या जागी नोकरीचा अर्ज केला आणि बांधलेलं सामान स्वतःच्या हाताने सोडलं. आधी तिला ड्रॉइंग ऑफिसात पाणी द्यायला ठेवलं. पाणी देता देता ती ट्रेसरांच्या मागे उभी राहून बघायची. ट्रेसरच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा मी पेढे मागितले, तर म्हणाली, "पेढे कसले? दोनदा नापास झाले त्याचे का?"

लिहायची ती डब्याच्या सुट्टीत. पंधरा मिनिटांत जेवायची आणि उरलेला वेळ तिरप्या बोर्डावर वाकून लिहायची. मला आधी वाटलं, दिरांना अमरावतीला पत्र लिहितेय. एवढी लांब पत्रं कोण कुणाला लिहितं, असा विचार मी केला नाही, हा माझा बावळटपणा. कागद मात्र मीच पुरवत होते. झालं असं की ड्रॉइंगमध्ये काही सुधारणा झाली की जुने प्रिंट माझ्याकडे परत येत. त्यांवर 'रद्द' असा लाल शिक्का मारून मी ते कपाटात टाकायची. त्यांची मागची बाजू कोरी असे. कागद चांगला जाड. त्यावर आम्ही सगळेच किराण्याच्या याद्या लिहायचो. इंदूताई लहान मापाचे तेवढे निवडून न्यायची. एक दिवस मी तिच्या खांद्यावरून डोकावले. मुंगीएवढं, छापल्यासारखं सुबक अक्षर आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यात ड्रॉइंगला असते तशी चौकट. चौकटीत पान क्रमांक, खाली 'सुधारणा क'.

"हे काय गं?"

"कादंबरी," ती म्हणाली. भाजीचं नाव सांगावं तसं.

"आणि हे 'क' काय?"

"तिसऱ्यांदा लिहिलंय हे पान. आधी अ, मग ब. जुनं पान रद्द केल्याशिवाय नवं धरायचं नाही. नाहीतर वर्कशॉपमध्ये जुन्या प्रिंटवर नवा पार्ट बनतो, तसं होईल."

मी हसले. तिला हसू आलं नाही. तिच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच.

घरी का लिहीत नाहीस, असं मी एकदा विचारलं. क्वार्टरात एकच टेबल होतं आणि त्यावर सासूबाईंचे देव होते. सासूबाई खमक्या. "बाईच्या हाताला शाई लागली की घराला अवकळा येते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सुनेच्या त्याच शाईवर घर चाललं होतं ते वेगळं. म्हणून कादंबरी ड्रॉइंग ऑफिसातच राहिली, तिच्या बोर्डाखालच्या खणात. सहा वर्षं. आमच्या टाउनशिपवरच होती ती: तीन भोंगे, तीन शिफ्टा आणि भोंगा झाला की दाराकडे बघणारी एक बाई.

ज्या दिवशी तीनशे बारावं पान 'सुधारणा ड' होऊन खणात गेलं, त्या दिवशी तिने डब्यात शिरा आणला. पुण्याच्या एका प्रकाशकाला पत्र घातलं होतं, त्याचं उत्तर आलं होतं. पाठवा म्हणाले होते.

आता माझा पराक्रम ऐका. इंदूताईचं म्हणणं, रोज चार पानं डब्याच्या पिशवीतून घरी नेते, महिन्यादोनमहिन्यांत होईल. मी म्हटलं, "चोरासारखं कशाला? तुझं स्वतःचं लिखाण आहे. रीतसर गेटपास बनवू, ऐटीत बाहेर ने." कारखान्यातून काडी बाहेर न्यायची तरी गेटपास लागायचा, आणि रीतसर या शब्दावर माझा फार जीव. पासचं पुस्तक माझ्याच टेबलावर होतं. मीच लिहायला बसले. 'सामग्री का विवरण' असा रकाना होता. सहा हजार वेळा तरी तो रकाना मी भरला असेल. हाताला जे वळण होतं तेच हाताने लिहिलं: ड्रॉइंग प्रिंट, रद्द, ३१२ नग.

गेटवर तिवारी हवालदार होता. त्याने पास वाचला, गठ्ठा उलटा केला आणि तीनशे बारा लाल शिक्के पाहिले. कारखान्याचं ड्रॉइंग, रद्द झालेलं असलं तरी, गेटबाहेर जाऊ शकत नाही. हा नियम मला पाठ होता. नव्या पोरींना तो मीच शिकवत असे. तिवारीचं काही चुकलं नाही. चुकलं माझं. मी गेटवरच रडायला लागले. इंदूताईने माझा दंड धरला आणि म्हणाली, "वाळू दे, शालू." त्या क्षणी तिने मला दोन मुस्कटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चौकशी झाली. आमचे सेक्शन हेड सक्सेनासाहेब, माणूस सज्जन पण भित्रा. त्यांनी दोघींना बोलावलं. पंखा बंद करून बोलले, कागद उडू नयेत म्हणून.

"देखिए इंदू जी," ते म्हणाले, "आप लिखकर दे दीजिए कि ये रद्दी थी, गलती से गेट तक चली गई. वॉर्निंग मिलेगी, बात खत्म. काग़ज़ नियम से नष्ट कर दिए जाएँगे. और अगर आप कहेंगी कि ये आपका लेखन है, तो फिर आपने ड्रॉइंग छह साल अपने पास रखी, ये भी मानना पड़ेगा. तब नौकरी मेरे हाथ में नहीं."

नोकरी म्हणजे क्वार्टर. क्वार्टर म्हणजे मंजूची शाळा. मी म्हणणार होते की पास मी लिहिलाय, मला काढा. तोंड उघडलंही. इंदूताईने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. इतक्या जोरात दिला की अंगठा दोन दिवस दुखत होता.

"साब, नष्ट करते समय गवाह कौन रहता है?" तिने विचारलं.

"सेक्शन के दो लोग. नंबर बोलकर रजिस्टर में टिक लगाते हैं."

"तो हम दोनों रहेंगी. हमारी गलती है, हम ही निपटाएँगी."

सक्सेनासाहेब तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सही केली. तिने 'रद्दी' असं लिहून दिलं, स्वच्छ ट्रेसरच्या अक्षरात. सहा वर्षांच्या कामाला स्वतःच्या हाताने रद्दी म्हणताना तिचा हात हलला नाही. मला तिचा संताप आला. म्हटलं, ही बाई आहे की दगड?

दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्ड रूममध्ये बसलो. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर इंदूताई रजिस्टर घेऊन, आणि दाराशी स्टुलावर तिवारी. मी एकेक पान उचलायचं, शिक्क्याची बाजू आपल्याकडे धरून कोपऱ्यातला ड्रॉइंग नंबर वाचायचा, इंदूताईने टिक करायची, मग मी ते पान तिवारीकडे द्यायचं. तो ते फाडून पोत्यात टाकणार. पोतं नंतर भट्टीत. मला ते लवकर संपवायचं होतं. तिने ते बघायला नको असं वाटत होतं. भराभर नंबर वाचून पानं फेकत होते. अकरा पानं झाली.

बाराव्याला ती म्हणाली, "नंबर परत वाच."

मी वाचला.

"परत."

"बहिरी झालीस का?" मी चिडून कागदावरून पाहिलं. ती रजिस्टरकडे बघत नव्हती. माझ्या हातातल्या पानाकडे बघत होती. शिक्क्याची बाजू माझ्याकडे होती, म्हणजे लिहिलेली बाजू तिच्याकडे. तिचे डोळे ओळीवरून सरकत होते आणि ओठ हलत होते.

माझ्या लक्षात आलं. पुढे काय करायचं तेही मला कळलं. मी घसा खाकरला, चष्मा पुसला, नंबर चुकीचा वाचला, परत बरोबर वाचला. माझ्याएवढी मंद कारकून त्या दिवशी अख्ख्या भोपाळात नसेल. तिवारी कंटाळून म्हणाला, "मैडम, आँखें दिखाओ किसी को." मी म्हटलं, "भैया, रजिस्टर का काम है. एक नंबर गलत हुआ तो आप भी फँसोगे." दुपारी सक्सेनासाहेब दारात आले. आमच्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं आणि शिपायाला म्हणाले, "इनको चाय दो. और किसी को अंदर मत भेजना." त्यांना काय समजलं होतं, मी कधी विचारलं नाही.

दोन दिवस लागले. शेवटचं पान फाटलं तेव्हा इंदूताई उठली, पदर खोचला आणि कुणाशी एक शब्द न बोलता घरी गेली. बोलली असती तर डोक्यात भरलेलं सांडलं असतं.

पुढे काही महिन्यांनी मी तिला एवढंच विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"तुझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं," ती म्हणाली. खरंच दिसलं असतं. पण म्हणून ती पहिली अकरा पानं गेली.

शेवटचं पान फाटलं त्या संध्याकाळी मी शाळेच्या वह्या घेऊन तिच्या क्वार्टरवर गेले. बाहेरच्या खोलीत सासूबाई टेबलावरून देव उचलत होत्या. एकेक मूर्ती पदराने पुसून स्वयंपाकघरातल्या फळीवर नेऊन ठेवत होत्या, डाळीच्या डब्यांशेजारी. मी बघतच राहिले.

"बघतेस काय?" त्या म्हणाल्या. "देव कुठेही बसतात. हिला टेबल लागतं."

इंदूताई बसलेलीच होती. लिहीत होती. वर पाहिलं नाही. मंजू जमिनीवर बसून पुढच्या वहीवर रेघा आखत होती. सासूबाईंनी मला बोटाने दार दाखवलं. मी वह्या ठेवून निघाले. चहासुद्धा मिळाला नाही, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

तीन महिने तिने नोकरी केली आणि लिहिलं. बाकी काही केलं नाही. गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात नेहमी प्रॉम्प्टिंग करायची, त्या वर्षी आली नाही. बायका म्हणाल्या, वॉर्निंग मिळाल्यामुळे तोंड लपवतेय. मी त्यांच्याशी कचाकचा भांडले. इंदूताईला सांगितलं तर काय म्हणाली असेल, ते तुम्हाला आता सांगायला नको.

कादंबरी पुण्याला गेली. 'तिसरा भोंगा' छापून आली. पहिली दोन वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षी कुणीतरी पाहिलं आणि मग सगळ्यांनीच पाहिलं. बक्षिसं मिळाली, हिंदीत गेली, कॉलेजात लागली. इंदूताईने त्यानंतर चार कादंबऱ्या लिहिल्या, सगळ्या त्या टेबलावर. नोकरी सोडली नाही. लोक मात्र अजून पहिलीचंच नाव घेतात. आणि सगळ्यात जास्त वाखाणतात ती सुरुवात. कादंबरीला ओळख नाही, गाव नाही, नावगाव सांगणं नाही. पहिल्याच ओळीत भोंगा वाजतो आणि बाई दाराकडे धावते. टाउनशिपच्या हॉलमध्ये एक प्राध्यापक या सुरुवातीवर पाऊण तास बोलले. लेखिकेने वाचकाला तयारीविना आत ढकलण्याचं धाडस दाखवलंय, म्हणाले. मी तिच्या शेजारी बसले होते. ते धाडस म्हणजे मी फेकलेली अकरा पानं होती. मी चुळबुळ करायला लागले. इंदूताईने कोपर मारलं आणि पुटपुटली, "गप्प बस. आवडलंय ना त्यांना?"

पुढे एका मुलीने प्रश्न विचारला, "आधीचं हस्तलिखित नष्ट कसं झालं?"

"माझी चूक झाली," इंदूताई म्हणाली. "पासवर चुकीचं वर्णन लिहिलं गेलं."

लिहिलं गेलं. कुणी लिहिलं, ते ती आयुष्यात कुणाला बोलली नाही. लोक म्हणतील किती मोठं मन. मला विचाराल तर त्या मोठ्या मनाखाली मी चाळीस वर्षं दबून राहिले. पहिली अकरा पानं तिला आठवत नव्हती असं नाही. थोडी थोडी आठवत होती. पण ट्रेसर बाई, अर्धवट आठवलेली रेघ ती ओढत नाही. तिने बारावं पान पहिलं केलं आणि तिथून पुढे गेली. मी मात्र अकराव्या पानावरच उभी होते.

रिटायर झाल्यावर मी नेहरू नगरला आले आणि ती मंजूकडे मिसरोदला. मी गुरुवारी जायची. अलीकडे तिच्या हाताला कंप सुटला होता. चहाची कपबशी वाजायची. उभ्या आयुष्यात ज्या हाताची रेघ हलली नाही, त्या हाताकडे बघवत नसे.

अशाच एका गुरुवारी तिने टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढून ठेवला होता. चौकटी आधीच आखलेल्या. वेड्यावाकड्या, पण आखलेल्या.

"समोर बस," ती म्हणाली. "पान धर. तेव्हा धरायचीस तसं."

"कशाला?"

"अकरा राहिलीत."

मी पान उचललं. "कोरं आहे गं हे."

"तुझ्या बाजूने असेल. नंबर वाच."

"एक," मी म्हटलं.

ती त्या कोऱ्या पानाकडे किती वेळ बघत होती कोण जाणे. माझे हात भरून आले, पण मी पान खाली केलं नाही. मग तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि लिहायला लागली. अक्षर थरथरत होतं. एक ओळ लिहून थांबायची, डाव्या हाताने उजवं मनगट धरायची, पुढची लिहायची. चुकलं की तेच अर्धं ब्लेड. मी म्हटलं, "मी लिहून घेते, तू सांग." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत ते बोलले नाही.

पहिल्या गुरुवारी अर्धं पान झालं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका गुरुवारी मी म्हटलं, "नव्या आवृत्तीत घालतील ना?"

"नाही," ती म्हणाली. "पुस्तक यांच्यावाचून उभं राहिलंय. त्याला नकोत."

"मग एवढा जीव कशाला काढतेस?"

तिने पुढची ओळ लिहायला घेतली.

अकरावं पान झालं त्या दिवशी चांगलं ऊन होतं. तिने शेवटची ओळ लिहिली आणि कोपऱ्यातली चौकट भरायला घेतली. पान ११. सुधारणा अ. रेखाटन: इंदू. खाली ड्रॉइंगवर असतो तसा आणखी एक रकाना होता, 'तपासणी'. तो रिकामा ठेवून तिने पान माझ्याकडे सरकवलं आणि पेन पुढे केलं.

मी आयुष्यभर रजिस्टरं भरली, पण तपासणीच्या रकान्यात सही करायचा अधिकार मला कधीच नव्हता. मी पान वाचलं. दोनदा वाचलं. सही केली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, सही तिरकी आली.

"सगळी घेऊन जा. तुझी आहेत," ती म्हणाली.

मी पान पिशवीत ठेवायला उचललं, तर तिने त्यावर हात ठेवला. तिचा थरथरता हात, अंगठ्याचं नख अजून काळं.

"वाळू दे," ती म्हणाली.

मी बसून राहिले.